लाल दिसणारं सोनंही सोनंच असू शकतं

फिरणारा समज असा: सोनं कितीही बारीक करा, ते पिवळंच दिसतं, लाल दिसलं तर त्यात रंग घातलेला आहे.

दागिन्यापुरतं हे बरंचसं बरोबर आहे, तिथली लालसर छटा तांब्याची असते. पण कण १०–२० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) झाले की चित्र बदलतं. प्रकाश पडताच कणातले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावे खातात. पाण्यातल्या अशा सोन्यात हा हेलकावा ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाला, सर्वात जोरात असतो. हिरवा शोषला जातो, उरलेला प्रकाश लाल दिसतो. गर्भचाचणीच्या बऱ्याचशा पट्ट्यांवरची गुलाबी रेघ याच सोन्याची असते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे तपासता येतं. या लाल द्रावणात मीठ घाला. कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण जांभळट-निळं होतं. रंग बाहेरून घातलेला असता, तर चिमूटभर मिठाने तो असा बदलला नसता.

मला सर्वात सुंदर वाटते ती पुढची पायरी. असेच कण, पण बरेच मोठे, काचेच्या आत ४०० नॅनोमीटर अंतराने ओळीत मांडले, तर प्रत्येक कणाने विखुरलेला प्रकाश शेजाऱ्याच्या प्रकाशाशी ताल जुळवतो. काचेचा अपवर्तनांक १.५, म्हणजे काचेत प्रकाशाची तरंगलांबी हवेतल्या तरंगलांबीला १.५ ने भागून येते तेवढीच उरते. ताल जुळायला ती कणांमधल्या अंतराएवढी हवी, म्हणून हवेतली तरंगलांबी ४०० गुणिले १.५ म्हणजे ६००. समोरून प्रकाश टाकला की ६०० नॅनोमीटरच्या किंचित पलीकडे एक अरुंद, तीव्र अनुनाद (ठरावीक रंगालाच मिळणारा जोरकस प्रतिसाद) दिसतो. अंतर बदला, तो सरकतो. धातू तोच, कणही तेच.

मांडणीचा परिणाम घरीही दिसतो: सीडी आणि डीव्हीडी एकाच दिव्याखाली तिरक्या धरा. डीव्हीडीच्या रेघा जवळजवळ असल्याने तिचे रंग जास्त फाकतात.