फार्मसी रेसिडेन्सी, अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील

अमेरिकेत फार्मसीची डॉक्टरेट, म्हणजे फार्म.डी., पूर्ण केलेल्या फार्मासिस्टांसाठी रुग्णालयात चालणारे एक ते दोन वर्षांचे सवेतन प्रशिक्षण. देशातील अनेक रुग्णालये ते देतात. परंतु माजी सैनिकांसाठी सरकार चालवत असलेल्या, ‘व्हीए’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयांत या प्रशिक्षणाला वेगळेच वळण मिळाले आहे. आपल्याकडे फार्मासिस्ट म्हटले की मेडिकलच्या काउंटरमागे चिठ्ठी वाचून पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ते चित्र इथे बाजूला ठेवावे लागते. व्हीएमधल्या फार्मासिस्टची स्वतःची खोली असते, स्वतःचे रुग्ण असतात, आणि रक्तदाबाची गोळी वाढवायची की बंद करायची हे तो स्वतः ठरवून संगणकात लिहितो.

रुग्णालयातील फार्मासिस्टला पदवीनंतर शिकवावे लागते, ही कल्पना हार्वी व्हिटनी यांची. १९२७ मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात असे प्रशिक्षण सुरू केले. १९४२ मध्ये रुग्णालयीन फार्मासिस्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तीच आजची ‘एएसएचपी’. १९६० च्या दशकापासून ती रेसिडेन्सी कार्यक्रमांना मान्यता देते. माजी सैनिकांच्या रुग्णालयांकडे शिक्षणाचे काम आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लाखो सैनिक घरी परतले होते आणि त्यांच्यासाठी पुरेसे डॉक्टर नव्हते. जानेवारी १९४६ मध्ये व्हीएने एका धोरणपत्राद्वारे आपली रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडली. शिकणाऱ्यांना रुग्ण मिळाले, रुग्णांना शिकणारे हात मिळाले. पुढे हीच वाट परिचारिका, मानसशास्त्रज्ञ आणि फार्मासिस्ट यांच्यासाठीही खुली झाली. आज सुमारे १७० रुग्णालये, हजाराहून अधिक बाह्यरुग्ण केंद्रे आणि ९० लाखांच्या आसपास नोंदणीकृत माजी सैनिक असा या यंत्रणेचा पसारा आहे.

फार्मासिस्टला इतके अधिकार इथेच का मिळाले, याची कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत. व्हीए ही केंद्र सरकारची संस्था. कोणत्याही एका राज्याचा परवाना असला की फार्मासिस्टला देशभरातल्या कुठल्याही व्हीए रुग्णालयात नोकरी करता येते, आणि त्याच्या कामाची व्याप्ती बहुतांशी संस्थेच्या नियमांनी ठरते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून व्हीएने निवडक फार्मासिस्टांना औषध सुरू करण्याचे, बदलण्याचे, थांबवण्याचे आणि तपासण्या सांगण्याचे अधिकार दिले. निदान डॉक्टरच करतो. मधुमेह आहे हे ठरल्यावर इन्सुलिन किती आणि कधी, हे फार्मासिस्ट सांभाळतो.

दुसरे कारण कमी ठाऊक असते, पण माझ्या मते तेच मोठे. १९९० च्या दशकातच व्हीएने टपालाने औषधे पाठवणारी केंद्रे उभारली. तिथे यंत्रे गोळ्या मोजतात, बाटल्या भरतात, पत्ते चिकटवतात. बाह्यरुग्णांच्या सुमारे ८० टक्के औषधांचा पुरवठा आता तिथून होतो. रुग्णालयातल्या फार्मासिस्टचे हात गोळ्या मोजण्यातून सुटले, म्हणून त्याला रुग्णासमोर बसायला वेळ मिळाला. त्यात देशभर एकच औषधसूची आणि सगळ्या रुग्णालयांतल्या नोंदी दाखवणारी संगणक प्रणाली. रुग्णाच्या हाताला बांधलेल्या पट्टीवरचा बारकोड वाचूनच औषध द्यायचे, ही आज जगभर रूढ झालेली पद्धतही व्हीएच्याच कॅन्सस राज्यातल्या टोपेका रुग्णालयात आकाराला आली. भाड्याची मोटार परत करताना कर्मचारी बारकोड वाचतो हे पाहून तिथल्या एका परिचारिकेला ती सुचली होती.

पहिल्या वर्षाला ‘पीजीवाय-१’ म्हणतात. त्यात उमेदवाराने सर्व बाजूंची तोंडओळख करून घ्यायची असते. प्रवेशाची धावपळ पदवीच्या शेवटच्या वर्षात डिसेंबरपासून सुरू होते. एएसएचपीच्या वार्षिक अधिवेशनात रुग्णालये मांडव टाकल्यासारखी टेबले मांडून बसतात, विद्यार्थी कोट-टाय घालून एका टेबलावरून दुसऱ्यावर जातात. मग अर्ज, मुलाखती, आणि शेवटी ‘मॅच’. विद्यार्थी रुग्णालयांचा पसंतीक्रम देतो, रुग्णालय विद्यार्थ्यांचा, आणि संगणक जोड्या लावतो. आपल्या कॅप फेऱ्यांची आठवण होते खरी, पण तिथे गुणवत्ता यादी बोलते. इथे रुग्णालयाची आवडनिवडही तेवढीच मोजली जाते. मार्चमध्ये लागणारा निकाल दोघांनाही बंधनकारक असतो. जागा राहिल्या तर दुसरी फेरी होते.

वर्षाची सुरुवात साधारण जुलैत होते. परवान्याची परीक्षा पहिल्या काही महिन्यांत उरकावी लागते, नाहीतर मुदत संपते. त्यानंतर चार ते सहा आठवड्यांचे टप्पे: मेडिसिनचा वॉर्ड, अतिदक्षता विभाग, मानसोपचार, वृद्धांची निवासी शुश्रूषा, प्राथमिक उपचार केंद्र. त्याच्या बरोबरीने वर्षभर चालणारी कामेही असतात: ठरलेल्या शनिवार-रविवारी प्रत्यक्ष औषधखात्यात पाळी, औषध समितीसाठी अहवाल, एखाद्या औषधाचा रुग्णालयात वापर नीट होतो का याची पाहणी, आणि एक संशोधन प्रकल्प. त्याचे निष्कर्ष वसंतात प्रादेशिक परिषदेत मांडायचे असतात. कामाच्या तासांना आठवड्याला सरासरी ८० ची मर्यादा आहे. वेतन मात्र नोकरी करणाऱ्या फार्मासिस्टच्या निम्म्याहूनही कमी, आणि बहुतेकांच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते. हा सौदा परवडतो का, यावर विद्यार्थ्यांमध्ये दरवर्षी वाद होतात.

शिकवणाऱ्या ज्येष्ठ फार्मासिस्टला ‘प्रिसेप्टर’ म्हणतात. तो आधी समजावतो, मग करून दाखवतो, मग शेजारी बसून करवून घेतो, आणि शेवटी दूर होऊन फक्त लक्ष ठेवतो. रेसिडेंट यातल्या कोणत्या पायरीवर आहे याचे लेखी मूल्यमापन प्रत्येक टप्प्याला होते. कागदावर हे कोरडे वाटते. खोलीत काय घडते ते पाहिले की उलगडते.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या क्लिनिकमधला एक नेहमीचा प्रसंग घेऊ. चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून वॉरफरिन चालू. रक्त गोठण्याचा आयएनआर हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान हवा, तो आज ४.१ आला आहे. रेसिडेंटचा पहिला मोह गोळी कमी करण्याचा. प्रिसेप्टर गप्प. मग रेसिडेंट विचारतो: आहार बदलला? दारू? नवे औषध? गृहस्थांना आठवते की लघवीच्या जळजळीसाठी बाहेरच्या एका डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. निघते को-ट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक. ते यकृतात वॉरफरिनचे विघटन करणाऱ्या विकराला अडवते, म्हणून वॉरफरिन साठत गेले. गोळ्या उद्या संपणार आहेत. म्हणजे आठवड्याच्या मात्रेला हात लावायचा नाही. आजची गोळी वगळायची आणि चार-पाच दिवसांत पुन्हा तपासणी. ‘वॉरफरिनचा उतारा म्हणून व्हिटॅमिन के का नाही?’ प्रिसेप्टर विचारतो. रक्तस्राव नाही आणि आकडाही त्या पातळीचा नाही, हे उत्तर कारणासह द्यावे लागते. मग नोंद लिहायची, तिच्यावर प्रिसेप्टरची सही. ही क्लिनिके आता ओसरत चालली आहेत, कारण एपिक्सॅबानसारख्या नव्या औषधांना अशी सततची तपासणी लागत नाही. त्यांच्यासाठी रेसिडेंट संगणकावर यादी उघडून मूत्रपिंड बिघडलेले, चुकीच्या मात्रेवर असलेले रुग्ण हुडकून काढतात.

सैनिकांचे आजार हा या प्रशिक्षणाचा दुसरा धडा. व्हिएतनाममध्ये ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्यांचा टाइप-२ मधुमेह सेवेशी निगडित मानला जातो. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांजवळ राहिलेल्यांच्या आजारांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. युद्धाचा मानसिक आघात घेऊन आलेल्यांना रात्री भीषण स्वप्ने पडतात. त्यांना प्रॅझोसिन हे जुने रक्तदाबाचे औषध झोपताना १ मिलिग्रॅमपासून देतात; पहिल्या रात्री उठताना भोवळ येऊ शकते, हे बजावून सांगायचे. सिएटलच्या व्हीएमधील मरे रास्किंड यांच्या गटाने हा उपयोग पुढे आणला. २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत मात्र हे औषध नकली गोळीहून सरस ठरले नाही. तरीही अनेक रुग्ण ‘यानेच झोप लागते’ म्हणतात. अशा वेळी औषध थांबवायचे का? रेसिडेंटांच्या शोधनिबंध-वाचनाच्या बैठकीसाठी याहून चांगला विषय मिळणे कठीण. अफूजन्य वेदनाशामके हळूहळू कमी करणे, आणि अतिमात्रा झाल्यास वापरायचे नॅलॉक्सोन घरच्यांना शिकवून देणे, हेही याच खोल्यांत शिकले जाते.

दुसरे वर्ष, ‘पीजीवाय-२’, एका विषयाचे: मानसोपचार, संसर्गजन्य रोग, कर्करोग, वेदनाशमन, बाह्यरुग्णसेवा किंवा प्रशासन. त्याच रुग्णालयात पुढे राहायचे असेल, तर मॅचच्या आधीच परस्पर ठरवण्याची मुभा असते. शेवटी मिळते ती पदवी नव्हे, प्रमाणपत्र. पण व्हीएमधल्या क्लिनिकच्या जागांसाठी ते जवळजवळ गृहीत धरले जाते.

भारतात फार्म.डी. २००८ मध्ये सुरू झाली. सहा वर्षांपैकी शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे. महाराष्ट्रातही काही महाविद्यालयांत ती शिकवली जाते. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आणि तिची पॉलिक्लिनिके आहेत, पण तिथला फार्मासिस्ट मुख्यतः औषधे देण्याचे काम करतो. इथून थेट व्हीएच्या रेसिडेन्सीत जाण्याची वाट अरुंद आहे. व्हीए सामान्यतः अमेरिकी नागरिकत्व मागते. त्याआधी परदेशी पदवीधरांची पात्रता परीक्षा असते, आणि १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांसाठी तिला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. त्यामुळे आपली चार वर्षांची बी.फार्म. त्या दारातच अडते, फार्म.डी. चालते.