फोर्क सीलची वारंवार गळती

मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कचे ऑइल सील बदलल्यावरही थोड्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा तेल पाझरू लागणे. नीट बसवलेले चांगले सील इतक्या लवकर फाटत नाही. त्याला फाडणारे कारण पाइपवर, बुशमध्ये (पाइपला सरकताना आधार देणाऱ्या कडीत) किंवा जोडणीत तसेच राहून गेलेले असते, आणि दुरुस्ती मात्र सीलपुरतीच झालेली असते. इंदूरमध्ये हिंदी मिस्त्र्यांच्या तोंडी फोर्क म्हणजे ‘चिमटा’ किंवा ‘शॉकर’, आणि शहरातले मराठी गाडीवालेही गॅरेजात तेच शब्द वापरतात.

तेलाने धक्का जिरवणारा दुर्बिणीसारखा फोर्क १९३५ साली बीएमडब्ल्यूच्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर आला. आजच्या साध्या गाड्यांतही तत्त्व तेच आहे. क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी पाइप ॲल्युमिनियमच्या बॉटम केसमध्ये वरखाली सरकतो. केसच्या तोंडाशी बसवलेल्या रबरी सीलची पातळ कड पाइपला सतत चिकटून राहते आणि कडेमागची बारीक गोल स्प्रिंग तिला आवळून धरते. सीलच्या वर ते जागेवर धरणारी कडी, म्हणजे सर्कलिप, आणि त्याच्याही वर धूळ अडवणारे डस्ट सील असते.

वारंवार गळतीत पहिला संशय पाइपवर घ्यावा. खडी उडून क्रोमला टोचा पडतो, त्यात पाणी शिरते आणि गंजाचा सुईच्या टोकाएवढा खड्डा तयार होतो. अनेकदा तो डोळ्यांना दिसत नाही, पण पाइपवरून नख हळू फिरवले की अडकतो. फोर्क दबताना सीलची कड जिथवर पोचते त्या पट्ट्यात असा एक खड्डा असला, तरी प्रत्येक फेरीला कड कापली जाते. खड्ड्याची वर आलेली धार बारीक पॉलिश पेपरने उतरवता येते; खोल खड्डे असतील तर पाइपच बदलावा. पुन्हा क्रोम करायचे असल्यास कठीण क्रोम चढवून मूळ व्यासावर ग्राइंडिंग करावे लागते. सायलेन्सर चमकवण्यासाठी करतात तो शोभेचा मुलामा इथे निरुपयोगी आहे.

पाइप वाकलेला असला तर सीलची एक बाजू जास्त दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) पाइप फिरवून मध्यावर डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारे मापक, लावला की हे कळते. डायलवरच्या एकूण फरकाच्या निम्मा खरा बाक. अनेक सर्व्हिस पुस्तिकांत ०.२ मिमी ही मर्यादा दिलेली असते. प्रेसवर सरळ केलेला पाइप वरून ठीक दिसतो, पण ताणाने क्रोम तडकू शकते. म्हणून अपघातात वाकलेला पाइप बदलणेच बरे. झिजलेल्या बुशचा परिणामही असाच होतो. पाइप केसमध्ये डुगडुगतो आणि सीलला तो खेळ सांभाळता येत नाही. काही छोट्या गाड्यांत वेगळे बुश नसतातच. तिथे केसच झिजलेली असते आणि नुसते सील बदलून भागत नाही.

तेल जास्त भरणे ही फार होणारी आणि सहज टाळता येणारी चूक आहे. तेलावरची हवा हीसुद्धा स्प्रिंगच असते. फोर्क उघडा असताना हवेची उंची २४० मिमी आणि पूर्ण दबल्यावर १२० मिमी असेल, तर ढोबळ हिशोबाने दाब दुप्पट होतो. तेल ६० मिमी जास्त भरले की हीच उंची १८० वरून ६० वर येते आणि दाब तिप्पट होतो. तो भार थेट सीलवर पडतो. अंदाजाने तेल ओतू नये. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या तोंडापासून तेलाची पातळी मोजावी.

बसवतानाही सील बिघडते. कोरडे सील पाइपच्या धारदार तोंडावरून ढकलले, तर पहिल्या फेरीआधीच कड चिरते. स्क्रूड्रायव्हरने ठोकले तर ते तिरके बसते. तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, तेल लावून सील उतरवावे आणि त्या मापाच्या नळीने सरळ ठोकावे. शेवटी ॲक्सलचा नट आवळून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चारपाच वेळा दाबावा आणि मगच ॲक्सलला फोर्कच्या तळाशी पकडणारा पकडबोल्ट कसावा. नाहीतर फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांशी तिरके राहून सील पुन्हा गळते.

इंदूरच्या भोवती माळव्याची काळी चिकण माती आहे. पावसाळ्यात पातालपाणी किंवा जानापावकडे गेलेल्या गाडीच्या पाइपवर हा चिखल वाळून कडक होतो आणि डस्ट सीलखाली शिरतो. अशा वेळी पाइप आधी ओल्या फडक्याने पुसावा; प्रेशरच्या पाण्याची धार सीलवर मारली तर माती आणखी आत जाते. पाइप झाकणारे रबरी गेटर उपयोगी आहेत, पण आत ओल साठत असल्याने ते अधूनमधून वर सरकवून पाइप पुसावा लागतो. पाझर नुकताच सुरू झाला असेल, तर सील न काढता प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेखाली फिरवून कण बाहेर काढता येतात. कधी कधी तेवढ्यानेच गळती थांबते.

गळतीकडे दुर्लक्ष मुळीच करू नये. तेल ओघळत ब्रेकच्या डिस्कवर पोचते. उलट्या फोर्कमध्ये (पाइप खाली, केस वर) तर सील खालीच असते, त्यामुळे ब्रेक लवकर भिजतो. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसता येते, पण तेल प्यायलेले पॅड बदलावेत, आणि ते बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.