बॉब नावाचा मामा: माणसांच्या नावांवरचे ब्रिटिश वाक्प्रचार आणि त्यांच्या तारखा

'बॉब्ज युअर अंकल' म्हणजे शब्दशः 'बॉब तुझा अंकल' आणि अर्थाने 'की झालं काम'. या वाक्प्रचाराची सर्वत्र सांगितली जाणारी कहाणी १८८७ ची आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी आपला भाचा आर्थर बाल्फोर याला आयर्लंडचा मुख्य सचिव नेमले. सॉल्झबरींचे पाळण्यातले नाव रॉबर्ट आणि रॉबर्टचे घरगुती रूप बॉब. तेव्हा बॉब ज्याचा मामा, त्याचे काम झालेच म्हणून समजा. बाल्फोरची आई ब्लांश ही सॉल्झबरींची सख्खी बहीण, त्यामुळे इंग्रजीने मोघम 'अंकल' म्हटले तरी नाते मामाभाच्याचेच होते. प्रश्नमंजूषेच्या पुस्तकांपासून लंडनच्या पर्यटक-वाटाड्यांपर्यंत सगळे हीच गोष्ट सांगतात. ती इतकी बेतून शिवल्यासारखी बसते की संशय तिथेच यायला हवा.

आधी त्या पदाचे पाहू. आयर्लंडचे मुख्य सचिवपद हे भाच्याला भेट द्यावे असे मलईचे पद नव्हते. १८७९ पासून तिथे जमीनदार आणि कुळे यांचा झगडा पेटला होता. मे १८८२ मध्ये नवे मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश यांचा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये, आयर्लंडमध्ये पाऊल ठेवल्याच्याच दिवशी, सुऱ्यांनी भोसकून खून झाला. १८८६ च्या अखेरीस कुळांनी खंड रोखून धरण्याची नवी मोहीम सुरू केली आणि आधीच्या सचिवांनी डोळ्यांच्या दुखण्यामुळे पद सोडले. त्या जागी बाल्फोर गेले. मामाने भाच्याला वर चढवले हे खरे, पण चढवले ते निखाऱ्यावर.

दुसरी अडचण अशी की मामाची कृपा १८८७ मध्ये सुरू झालीच नव्हती. १८७४ मध्ये बाल्फोर हर्टफर्डमधून पहिल्यांदा निवडून आले, तो मतदारसंघ मामाच्या वजनाखालचा होता. १८७८ च्या बर्लिन परिषदेला ते मामाचे खासगी चिटणीस म्हणून गेले. १८८५ मध्ये स्थानिक स्वराज्य मंडळाचे अध्यक्षपद, १८८६ मध्ये स्कॉटलंडचे सचिवपद, त्याच नोव्हेंबरात मंत्रिमंडळात जागा, आणि १९०२ मध्ये मामाच्या मागोमाग थेट पंतप्रधानपद. वशिल्याच्या तट्टूवरच टोमणा मारायचा तर यातली कुठलीही तारीख चालली असती. १८८७ च का, याचे समाधानकारक उत्तर कुणी दिलेले नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत भारी आहे. बाल्फोरांच्या विरोधकांचे तोंड बांधलेले नव्हते. नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या नाजूक वागण्यावरून 'प्रिटी फॅनी' हे टोपणनाव छापून येत होते. सप्टेंबर १८८७ मध्ये आयर्लंडमधल्या मिचल्सटाउनच्या सभेवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघे मेले आणि ते 'ब्लडी बाल्फोर' झाले. पुढे सॉल्झबरींचे मंत्रिमंडळ भाचे, पुत्र, जावई यांनी भरले तेव्हा विरोधकांनी त्याला 'हॉटेल सेसिल' म्हटले. सेसिल हे घराण्याचे आडनाव आणि त्याच नावाचे भले मोठे हॉटेल लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर १८९६ मध्ये उघडले होते. एवढी टवाळी छापून उरली, त्यात बॉबमामा मात्र नाही.

सॉल्झबरींबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते दोनदा भारतमंत्री होते, आणि १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळातला बराचसा काळ त्यांच्याच कारकिर्दीत गेला. १८८८ मध्ये एडिंबराच्या भाषणात त्यांनी दादाभाई नौरोजींचा उल्लेख 'काळा माणूस' असा केला आणि त्यावरून ब्रिटनभर गदारोळ उठला. त्यांच्या बोलण्या-वागण्यातून निघालेल्या वादांना तेव्हाच्या वृत्तपत्रांत पुरावा मिळतो, तो असा.

छापील पुरावा आजवर जिथे सुरू होतो ते वर्ष १९२४ आहे. त्या जूनमध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका वृत्तपत्रात याच नावाच्या नाच-गाण्यांच्या प्रयोगाचा उल्लेख आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लॉरी फोर्ड या म्यूझिक हॉलच्या गायिकेने अंकल बॉबचे गाणे लोकप्रिय केले आणि मग शब्द सगळीकडे पसरला. एका नावाजलेल्या कोशकाराने वाक्प्रचार १८९० च्या सुमाराचा म्हणून नोंदवला, पण सोबत उदाहरण दिले नाही. पुढच्या अनेकांनी तेवढ्या एका नोंदीवर १८८७ ची इमारत उभारली. नेमणूक आणि पहिला छापील उल्लेख यांत ३७ वर्षे आहेत. बोलीभाषेतला शब्द दहा-पंधरा वर्षे छापखान्याबाहेर राहू शकतो. राजकीय टोमणा मात्र टोमणा म्हणूनच जन्मतो, आणि त्याची जागा वृत्तपत्रांतच असते.

शिवाय वापर पाहा. इंग्रज माणूस हे शब्द कृती सांगून झाल्यावर शेवटी म्हणतो: झाकण काढा, वात वर करा, काडी ओढा, की बॉब्ज युअर अंकल. मराठीत आपण 'की झालं काम' म्हणतो, तेच. त्यात वशिल्याचा वास नाही, कुत्सितपणाही नाही. वशिल्यावरच्या टोमण्यातून इतका निरागस अर्थ निघायचा तर मधल्या काळात कुठेतरी कडवट अर्थाने वापरलेले एखादे वाक्य सापडायला हवे होते.

पर्यायी उगम म्हणून अठराव्या शतकातली चोरांची बोली पुढे केली जाते. १७८५ च्या एका बाजारू शब्दांच्या कोशात 'इट्स ऑल बॉब' म्हणजे सगळे सुरक्षित, अशी नोंद आहे. अर्थ जुळतो, पण १७८५ ते १९२४ मधला पूल इथेही नाही. तरीही दोन्हींत निवड करायचीच तर हा पर्याय बरा, कारण त्याला निदान अर्थाचा आधार आहे. 'अँड फॅनीज युअर ऑन्ट' ही पुढची जोड तर उघडच नंतरची आहे, काका आला म्हणून काकू आणली.

आता तारखा काढण्यातल्या खाचखळग्यांविषयी, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. स्कॅन केलेल्या जुन्या वृत्तपत्रांत 'बॉब' शोधला तर शिलिंगचे ढीग हाती लागतात, कारण एका शिलिंगलाही बोलीत बॉबच म्हणत. पूर्ण शब्दसमूह शोधला तर ज्यांचा अंकल खरोखर बॉब होता अशी घरगुती वाक्ये येतात. 'बॉब्ज'मधले वरचे स्वल्पचिन्ह यंत्र कधी गाळते, कधी त्या जागी मोकळी जागा सोडते, म्हणून शोध चिन्हासह आणि चिन्हाविना असा दोन्ही प्रकारे करावा लागतो. नियतकालिक ज्या वर्षी सुरू झाले तेच वर्ष संग्रहाने पुढच्या सगळ्या अंकांना चिकटवलेले असते. त्यामुळे १८८० चा म्हणून दाखवलेला उतारा उघडून पाहिला तर १९३० चा निघतो. पानाचे चित्र डोळ्यांनी पाहून अंकाची तारीख वाचल्याशिवाय कुठलाही 'आद्य उल्लेख' धरू नये.

माणूस आणि पहिला छापील उल्लेख यांत किती वर्षांचे अंतर आहे, या कसोटीवर इतर नावे पटापट लागतात. 'हॉब्सन्स चॉइस' म्हणजे नावापुरती निवड. त्यामागचा टॉमस हॉब्सन केंब्रिजचा मालवाहतूकदार, १६३१ मध्ये वारला. भाड्याचे घोडे तो पाळीपाळीने देई. दाराजवळचा घ्या, नाहीतर चालत जा. वाक्प्रचार १६६० मध्ये छापील मिळतो, म्हणजे तीसेक वर्षांत, त्यामुळे माणूस विश्वासार्ह. 'जॅक रॉबिन्सन' म्हणायच्या आत, म्हणजे क्षणात, हा प्रयोग १७७८ च्या एका कादंबरीत रुळलेला दिसतो. त्यावर लोकांनी अर्थखात्याच्या एका चिटणिसाला बसवले, कारण त्याचे नाव जॉन रॉबिन्सन होते. जॉन रॉबिन्सन इंग्लंडमध्ये पैशाला पासरी. आपण 'सोम्या-गोम्या' म्हणतो तेव्हा तो सोम्या कुठल्या गावचा, हे कुणी शोधायला जात नाही.

ज्याच्या आडनावावरून बहिष्काराला 'बॉयकॉट' म्हणतात त्या कॅप्टन बॉयकॉटच्या बाबतीत अंतर जवळजवळ शून्य आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉख मास्क या सरोवराच्या काठी तो एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० च्या सप्टेंबरमध्ये कुळांनी त्याच्याशी व्यवहार तोडला, आणि मजूर, लोहार, धोबीण, टपालवाला पोरगा, सगळे थांबले. नोव्हेंबरात उत्तरेकडून ५० स्वयंसेवक पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणासाठी हजाराच्या आसपास सैनिक. सुमारे ५०० पौंडांच्या पिकावर १०,००० पौंड खर्च झाल्याचे सांगतात. त्याच महिन्यात त्याचे आडनाव क्रियापद म्हणून लंडनच्या वृत्तपत्रात छापले गेले.

'स्वीट फॅनी ॲडम्स'ची पार्श्वभूमी मात्र विनोदी नाही. फॅनी ही हॅम्पशरमधल्या ऑल्टन गावची ८ वर्षांची मुलगी. २४ ऑगस्ट १८६७ रोजी एका वकिलाच्या कारकुनाने तिला मारून तिच्या देहाचे तुकडे केले. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी विंचेस्टरला त्याला जाहीर फाशी झाली. त्याच सुमारास नौदलात डबाबंद मटण मिळू लागले होते, ते खलाशांना आवडेना आणि त्यांनी त्याला तिचे नाव दिले. मटणाचा तो रिकामा डबा शिजवायला वापरत, म्हणून नौदलात भांड्यालाही 'फॅनी' म्हणू लागले. 'काडीचेही नाही' हा आजचा अर्थ पहिल्या महायुद्धापर्यंत पक्का झाला, कारण तिची आद्याक्षरे एका शिवीच्या आद्याक्षरांशी जुळत होती. शिवी झाकायला मुलीचे नाव कामी आले. वर्गणीतून १८७४ मध्ये उभारलेला तिच्या थडग्याचा दगड ऑल्टनमध्ये आहे.

'गॉर्डन बेनेट!' या आश्चर्योद्गारातही नावामागे शिवीच आहे, असे बहुतेक कोशांचे मत पडते. जेम्स गॉर्डन बेनेट हा न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा उधळ्या मालक. त्याने लिव्हिंग्स्टनच्या शोधाला स्टॅन्लीला पाठवले, १९०० मध्ये मोटारशर्यतींचा आणि १९०६ मध्ये बलूनशर्यतींचा चषक ठेवला. नाव ब्रिटनमध्ये घरोघर पोचले ते या शर्यतींमुळे. पण तो १९१८ मध्ये वारला आणि उद्गार छापील मिळतो १९३० च्या दशकात. इंग्रज 'गॉर ब्लायमी' ('देव मला आंधळे करो'चा अपभ्रंश) म्हणायला तोंड उघडत आणि समोर आईबाप किंवा पाद्री दिसले की पहिले अक्षर तसेच ठेवून शेपूट बदलत. त्या शेपटासाठी बेनेटचे नाव सोयीचे होते, त्याच्या उधळपट्टीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.