दोन्ही खोक्यांवर १५० पीएसआय: लायटरवरचं मशीन घ्यायचं की बॅटरीवरचं?

चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी, कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात जा आणि ‘हवा भरायचं मशीन’ मागा. काउंटरवर दोन खोके येतील. एकातल्या मशीनची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये जाते. दुसऱ्याच्या वायरीच्या टोकाला लाल आणि काळा असे दोन चिमटे असतात आणि ते थेट गाडीच्या बॅटरीला लागतात. आकार थोडाफार सारखा, दोन्हींवर मोठ्या अक्षरात ‘१५० पीएसआय’ आणि किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक. गिऱ्हाईक विचारतं, “दादा, प्रेशर तर दोन्हीचं सेमच आहे ना?” दादा म्हणतात, “सेमच.” आणि स्वस्तातलं मशीन डिकीत जाऊन बसतं.

दादा खोटं बोलत नाहीत. फक्त तो आकडा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) आपल्या कामाचा नाही. जिपड्यांच्या टायरात रस्त्यावर तीस-पस्तीस पीएसआयच्या वर हवा भरायची वेळ सहसा येत नाही. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. मशीन दीडशेपर्यंत दाब चढवू शकतं याचा अर्थ एवढाच, की सगळी वाट बंद केली तर ते तिथवर ढकलेल आणि मग अडेल. सायकलचा बारीक नळीचा पंपही भरपूर दाब देतो, पण त्याने जीपचं चाक भरायला बसलात तर संध्याकाळ होईल. पंप बारीक असला की दाब सहज चढतो, हवा मात्र थोडी जाते. लायटरवरच्या बहुतेक मशीनचं गणित हेच आहे.

पाहायचा आकडा खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असतो: लिटर प्रति मिनिट. काही ठिकाणी तो सीएफएममध्ये, म्हणजे घनफूट प्रति मिनिटात, देतात. एक सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर.

आता हिशेब करू. थारच्या १८ इंची रिमवरच्या २५५/६५ टायरच्या आत सुमारे ७० लिटर जागा असते. छोट्या हॅचबॅकच्या टायरात तीसच्या आसपास. मऊ वाळूत चाक रुतू नये म्हणून टायरातली हवा मुद्दाम कमी करतात. तशा पुळणीतून बाहेर येताना टायर १८ पीएसआयवर आहे आणि डांबरी रस्त्यासाठी ३२ करायचा आहे असं धरा. चौदा पीएसआय म्हणजे जवळजवळ एक वातावरणाचा दाब, म्हणून प्रत्येक टायरात बाहेरची सत्तरेक लिटर हवा ढकलावी लागते. चार टायरांची मिळून पावणेतीनशे लिटर.

लायटरवरच्या मशीनवर लिहिलेलं असतं ३५ लिटर. पण हा आकडा पाइप मोकळा असतानाचा आहे, समोर काहीच अडवणूक नसताना. टायरातला दाब पंचवीस-तीसच्या घरात गेला की प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच हवा आत जाते, कधी त्याहूनही कमी. म्हणजे एका टायराला चार मिनिटं तरी, चारांना सोळा-सतरा. ऐकायला हे फार वाटत नाही. पण त्याच मशीनच्या माहितीपत्रकात ‘सलग दहा मिनिटं चालवा, मग थंड होऊ द्या’ अशा अर्थाचं वाक्य असतं. म्हणजे दोन टायर, विश्रांती, पुन्हा दोन टायर. मे महिन्यात दुपारी दोनला गाडीच्या सावलीत उकिडवं बसून हे करायचं.

चिमट्याच्या मशीनवर ७० लिटरच्या आसपास लिहिलेलं असतं. दाबाखाली ते चाळीस-पंचेचाळीस धरा. टायराला दीड-पावणेदोन मिनिटं, चारही चाकं सात मिनिटांत. मधे थांबावं लागत नाही, हा खरा फरक. दोन सिलिंडरवाली मशीनं याच्याही पुढची, पण मागच्या सीटच्या जागी पेट्या टाकून महिनोन्‌महिने भटकणाऱ्यांसाठी. दापोली-गुहागरच्या वीकेंडला ती लागत नाहीत.

हा फरक कंपनीच्या कंजुषीमुळे पडत नाही, वायर कुठे जाते त्याने पडतो. लायटरच्या सॉकेटवर बहुतेक गाड्यांमध्ये ‘१२ व्होल्ट, १२० वॅट’ असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे दहा अँपिअर. त्याच्या मागचा फ्यूज फार तर पंधरा-वीसचा. तेवढ्या विजेवर चालेल एवढीच मोटर त्या मशीनला देता येते, मग खोक्यावर काहीही छापा. चिमट्याचं मशीन वीस ते तीस अँपिअर ओढतं, म्हणून ते बॅटरीवरच लावावं लागतं. एखाद्याने चिमटे कापून लायटरची पिन जोडून दिली, तर ते मशीन हवा भरायच्या आधी फ्यूज उडवेल. असे जुगाड आपल्याकडे होतात, म्हणून सांगितलं.

दुकानात मोबाइल बाहेर काढून फोटो तुलना करत बसण्यापेक्षा दोनच गोष्टी बघा. वायरीचं टोक आणि लिटरचा आकडा.

तिसरा प्रकार हल्ली जाहिरातीत फार दिसतो, आत बॅटरी असलेला, मोबाइलसारखा चार्ज करायचा. स्कूटरला आणि हॅचबॅकला झकास. सत्तर लिटरची चार चाकं त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत. शिवाय एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत लिथियमची बॅटरी भाजत ठेवणं मला पटत नाही.

मग लायटरवाल्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि कोकणात फिरणाऱ्या बहुतेकांना तेच पुरेल. तुमची गाडी कितीही मर्दानी दिसत असली, तरी टायरातली हवा तुम्ही मुद्दाम कधीच काढत नसाल, तर तुम्हाला मशीन लागणार ते हळू गळणाऱ्या पंक्चरसाठी. कुंभार्ली घाटात एक चाक बसलं, त्यात पंधरा पीएसआय भरून खालच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचायचं, एवढ्याला लहान मशीन पुरेसं आहे. जिम्नीवाल्यांची गंमत मधली आहे. त्यांच्या १९५/८० टायरात चाळीस-पंचेचाळीस लिटर जागा असते, त्यामुळे चांगल्या प्रतीचं लायटरवरचं मशीन धीराने चालवलं तर निभावतं.

हवा काढणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. टायर मऊ केला की जमिनीला टेकणारा त्याचा पट्टा लांब होतो, वजन पसरतं आणि चाक रुतायच्या ऐवजी वर राहतं. मऊ वाळूत पंधरा ते वीस पीएसआय चालतात. पंधराच्या खाली गेलात आणि जोरात वळलात तर टायर रिमवरून सुटायची भीती. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारावरच्या, जांभ्यात मात्र इतकं खाली जाऊ नये. तिथे कातळाच्या कडा टायरच्या बाजूच्या भिंतीला कापतात आणि ती भिंत फाटली तर पंक्चर निघत नाही, टायर बदलावा लागतो. बावीस-पंचवीसवर हळू चालवा. आणि सड्यावर चाकोरी सोडू नका, राजापूर-रत्नागिरीकडच्या कातळावर जमिनीलगत कातळशिल्पं कोरलेली आहेत. गवत वाढल्यावर ती दिसतही नाहीत.

किनाऱ्यावर गाडी घालायचा विषय निघालाच आहे, तर तोही सांगून टाकतो. आपल्याकडे पुष्कळ किनाऱ्यांवर वाहनांना मनाई आहे आणि पोलीस गुन्हे नोंदवतात. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, तीही भरतीच्या रेषेच्या वर, म्हणजे नेमकी मऊ वाळूत. त्यातून भरतीची वेळ न बघता पाण्याकडेच्या कडक वाळूवर गाडी उभी करणारे दर सीझनला असतात. मग ट्रॅक्टर बोलवा आणि गावभर ‘आले पुण्या-मुंबईचे’ म्हणून हसं करून घ्या. हे ज्ञान माडाच्या वाडीकडे जाणाऱ्या वाळूच्या पाणंदी, चिखलाचे चढ आणि परवानगीने होणारे ट्रॅक यांच्यासाठी ठेवा.

हवा काढली तर रस्त्यावर येण्याआधी भरायलाच हवी. अठरावर असलेला टायर घेऊन कोणी मुंबई-गोवा हायवेला ऐंशीने निघाला, तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि शेवटी फाटते. पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत हळूहळू जाऊ म्हणाल, तर दाभोळ-धोपावे जेटीच्या आसपास किंवा केळशीच्या अलीकडे रात्री हवा देणारा पंप शोधून दाखवा.

चिमट्याचं मशीन घेतलंत तर वापरताना इंजिन चालू ठेवा. बंद इंजिनला बॅटरी सव्वाबारा व्होल्ट देते आणि खचत जाते, चालू असताना चौदाच्या जवळ मिळतात आणि मोटरचा आवाजच बदलतो. आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा. मशीन वाळूवर ठेवू नका, खाली गोणपाट किंवा पायपुसणं टाका. ते हवा ओढतं तेव्हा तोंडाशी असलेली वाळूही ओढतं आणि एवढासा स्पंजचा फिल्टर किती अडवणार? पाइप मशीनला जोडतो तिथला पितळी भाग चांगलाच चटका देतो, काढताना फडकं वापरा. आणि मशीन चालू असताना काटा जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका, तो चढाच असतो. बंद करून बघा. स्वतंत्र गेज घ्या, फार महाग नसतं.

खाऱ्या हवेला मात्र दोन्ही मशीनं सारखीच. घरी आल्यावर चिमटे आणि पितळी तोंडं ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, नाहीतर पावसाळ्यानंतर चिमट्याच्या दातांवर हिरवट थर येतो आणि मशीन अधूनमधून बंद पडायला लागतं. लोक समजतात मोटर गेली. तेल घालायचा मोह आवरा. ही बहुतेक मशीनं बिनतेलाची असतात आणि तेलात वाळू चिकटली की पिस्टनची रिंग खाते.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे पाइपची लांबी. बॅटरी बॉनेटखाली, थारची स्टेपनी मागच्या दारावर. वायर आणि पाइप मिळून तिथवर पोचतात का, हे दुकानाबाहेर गाडी उभी करून, चिमटे लावून, पाइप ओढूनच बघा. पोचत नसेल तर वाढीव पाइप त्याच दुकानातून, त्याच जोडाचा घ्या. दुकानदार खोका उघडायला नको म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.