पेलच्या पलीकडे

‘बियाँड द पेल’ हा इंग्रजी वाक्प्रयोग पहिल्यांदा भेटतो तेव्हा बहुतेकांचा घोटाळा होतो. पेल म्हणजे फिकट, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. हा पेल निराळा. लॅटिनमध्ये ‘पालुस’ म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंट. त्यावरून इंग्रजीत पेल म्हणजे कुंपणाचा मेढा, मग आख्खं कुंपण, आणि शेवटी कुंपणाच्या आतला मुलूख. आपल्या मेढेकोटातला मेढा तो हाच. जो ताळतंत्र सोडून वागतो, तो इंग्रजीत या कुंपणाबाहेर जातो.

हे कुंपण नेमकं कुठलं, असं विचारलं की हमखास आयर्लंडकडे बोट दाखवलं जातं. 1169 मध्ये इंग्लंडच्या राजाचे नॉर्मन सरदार तिथे उतरले, पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाचा खरा अंमल डब्लिनभोवतीच्या टापूपुरता उरला होता. डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर यांचे काही भाग, एवढाच. त्याचं नाव ‘द पेल’. 1494 मध्ये द्रोहेडाला भरलेल्या पार्लमेंटने त्याच्या हद्दीवर सहा फूट उंचीचा दुहेरी बांध घालायचा हुकूम काढला. पलीकडच्यांनी गुरं हाकून नेऊ नयेत, ही त्यातली मोठी काळजी.

वागणुकीची हद्द मात्र या बांधाच्या कितीतरी आधी आखून झाली होती. 1366 च्या किल्केनीच्या कायद्यांनी तिथल्या इंग्रजांना आयरिश बोलायला, आयरिश माणसाशी सोयरीक करायला, खोगिराशिवाय घोड्यावर बसायला, इतकंच काय, हर्लिंग हा तिथला काठी-चेंडूचा खेळ खेळायलाही बंदी केली. इंग्रजीच बोला असं बजावणारा हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये!

गोष्ट इतकी चपखल आहे की खरी वाटावी. पण वाक्प्रयोग तिथूनच आला याला पुरावा नाही. इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले या फ्रान्समधल्या बंदराभोवतीही पेल होता, तो 1558 मध्ये गेला. आणि ‘बियाँड द पेल’ हे शब्द छापील मिळतात ते 1657 च्या एका काव्यात, तेही साध्या अर्थाने: एक जोडपं सुरक्षित जागा सोडून बाहेर फिरायला जातं आणि हल्ल्यात सापडतं. आयर्लंडचा तिथे संबंध नाही. पुढे ‘अमक्याच्या पेलबाहेर’ अशी रचना रुळली आणि मग ते ‘अमक्याच्या’ही गळून पडलं.

आपल्याकडे ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द असाच भिंतीवरून आलेला. फरक एवढाच की तिथे पाठवायला माणसाचं वागणं कुणी तपासलं नाही, जन्म पुरला.

इंग्रजीतला माझा आवडता दाखला डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला, 1837 चा. दोन प्रतिस्पर्धी संपादक खाणावळीच्या स्वयंपाकघरात समोरासमोर येतात, एक दुसऱ्याला ‘समाजाच्या पेलबाहेर गेलेला’ ठरवतो, आणि थोड्याच वेळात एकाच्या हातात प्रवासी पिशवी, दुसऱ्याच्या हातात चुलीचं फावडं असतं.