सांध्यांतील कूर्चेची एमआरआय तपासणी

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेची जाडी, तिला पडलेल्या भेगा आणि तिच्या घटनेतील बदल चुंबकीय अनुस्पंदनाने पाहण्याची पद्धत. क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांमधले अंतर घटले की ती झिजली असा अंदाज बांधावा लागतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, चेतातंतूही नसतात. त्यामुळे झीज सुरू झाली तरी ती स्वतः दुखत नाही, आणि गेलेला भाग नीट भरूनही येत नाही.

कूर्चेचा 65 ते 80 टक्के भाग पाणी असतो आणि यंत्र त्या पाण्यातील हायड्रोजनचे संकेत टिपते. गुडघ्याच्या नेहमीच्या तपासणीत चरबीचा संकेत दाबला जातो. मग हाड काळपट, कूर्चा राखाडी आणि सांध्यातले द्रव पांढरे दिसते. भेग असेल तर द्रव तिच्यात शिरते व राखाडी पट्ट्यात पांढरी रेघ उमटते. ही रेघ अर्ध्या जाडीच्या आत आहे की थेट हाडापर्यंत पोचली आहे, यावरून 0 (निरोगी) ते 4 (हाडापर्यंत) अशी श्रेणी देतात. टी-2 मापनातून, म्हणजे संकेत किती वेगाने विरतो याच्या मोजणीतून, कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या जाळ्यातील आणि पाण्यातील बदल कूर्चा पातळ होण्याआधीही टिपता येतात, पण त्याचा वापर अजून मुख्यतः संशोधनात होतो.

गोव्यात या तपासणीचा खरा उपयोग तरुण फुटबॉलपटूंना आहे. पाय मैदानात रुततो, गुडघा पिरगळतो, क्ष-किरण मात्र निर्दोष येतो. अशा वेळी अस्थिबंध, दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) आणि कूर्चा यांची इजा एमआरआयमध्ये एकत्र दिसते, आणि ती वेळीच कळणे फार महत्त्वाचे, कारण अशा गुडघ्यात अकाली झीज सुरू होण्याचा धोका वाढतो.

नारळाच्या झाडांवर आयुष्यभर चढलेल्या पाडेल्याचे किंवा शेतात राबलेल्या आजीचे तसे नाही. उभ्याने काढलेल्या क्ष-किरणात झीज स्पष्ट असेल तर एमआरआयने उपचार सहसा बदलत नाहीत. वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणे हेच आधी सांगितले जाते. सत्तरी, पेडणे, अगदी महाराष्ट्रातल्या दोडामार्गाहूनही रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येतात. त्यांना विनाकारण या तपासणीसाठी थांबवू नये. शिवाय चित्रातला दोष म्हणजे दुखण्याचे कारण नव्हे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या 2012 सालच्या अभ्यासात, क्ष-किरणात झीज न दिसलेल्या पन्नाशीपुढील 710 जणांपैकी 89 टक्क्यांच्या गुडघ्यात एमआरआयने काही ना काही दोष दाखवला होता, आणि त्यांतील अनेकांना दुखणे नव्हते.