रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातला ‘मी’ कोण? कृपेने होणाऱ्या वाढीच्या वादाची पार्श्वभूमी

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होते, कर्मांनी नाही, यावर मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत कोणी भांडत नाही. ते वचन संडेस्कूलच्या मुलांनाही पाठ असते. भांडण सुरू होते तारणानंतर. राग, दारू, भावकीतले वैर बाप्तिस्मा झाला म्हणून जात नाही. मग करायचे काय? भायखळा-गिरगावाकडच्या जुन्या मंडळीतले वडील सांगतात, वचन वाच, प्रार्थनेला बस, प्रभुभोजन चुकवू नकोस, धीर धर. उपनगरात शाळेचा हॉल भाड्याने घेऊन भरणाऱ्या नव्या संगतीत ऐकायला मिळते, तुझी धडपड थांबव, प्रभूला करू दे. दोघेही कृपेचेच नाव घेतात, आणि दोघांनाही वाटते की समोरचा कर्मावर भिस्त ठेवतो किंवा आळशी आहे.

या वादाचे मूळ सांगताना गाडी सहसा सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारक लूथरपाशी जाऊन थांबते. ते अर्धेच खरे आहे. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो ही पाचव्या शतकातल्या पेलागियस या साधूची शिकवण कार्थेजच्या परिषदेने ४१८मध्ये नाकारली, ऑरेंजच्या परिषदेने ५२९मध्ये कृपेचा पुढाकार पुन्हा पक्का केला. सोळाव्या शतकात भांडण झाले ते मुख्यतः देव माणसाला नीतिमान कशावरून ठरवतो यावर. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७मध्ये प्रॉटेस्टंट मत फेटाळले, पण कृपेशिवाय सुरुवातच होत नाही हे तिनेही मान्य केले होते. वसई-वांद्र्याच्या कॅथलिकांना ‘कर्मवाले’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी तो ठराव वाचलेला नसतो. कॅथलिक आणि लूथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्ग इथे या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६मध्ये मेथडिस्ट आणि २०१७मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. मुंबईच्या व्यासपीठांवर त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

मुंबईत प्रॉटेस्टंट शिकवण आली ती लूथरनंतरचा सुधारक कॅल्विन याच्या वळणाची. अमेरिकन मिशनरी १८१३मध्ये उतरले, स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९मध्ये आले. स्कॉटिश परंपरेच्या १६४७च्या प्रश्नोत्तरीत एक बारीक फरक केला आहे: नीतिमान ठरवणे ही देवाची एकदाच होणारी कृती, पवित्रीकरण, म्हणजे माणसाला पवित्र करत नेणे, हे त्याचे चालू राहणारे काम, दोन्ही फुकट कृपेने. म्हणजे वाढही कृपेचीच, पण हळूहळू, आणि ठरलेल्या साधनांमधून: वचन, संस्कार (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन), प्रार्थना. साधने माणसाने वापरायची, फळ देवाने द्यायचे. जुन्या मंडळ्यांतली शिस्त इथून आली. पुढच्या पिढ्यांत साधन हेच पुण्य होऊन बसले आणि उपासनेला हजेरी म्हणजे वाढ अशी समजूत झाली, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

वळण आले १८७१च्या अखेरीस. एक अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक मुंबईत आला, मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांत त्याच्या सभा झाल्या, आणि विश्वास ठेवलेल्यांचे त्याने घराघरांत छोटे गट पाडले. आठवड्यातून एकदा जमायचे, एकमेकांची विचारपूस करायची. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली याच्या परंपरेतून आलेली ही पद्धत आणि तिच्यासोबत आलेली ही अपेक्षा: पवित्रता म्हणजे आयुष्यभर घासत राहणे नव्हे, ती विश्वासाने याच जन्मात, एका क्षणी मिळू शकते.

चारच वर्षांनी, १८७५मध्ये, इंग्लंडमध्ये केझिक इथे वार्षिक मेळावा सुरू झाला. वेस्लीवाद्यांसारखे पाप मुळासकट जाते असे तिथे म्हणत नसत. पाप आत राहते, पण ख्रिस्ताकडे सोपवले की त्याची सत्ता चालत नाही, असे म्हणत. आठवड्याचा क्रम ठरून गेला. पहिल्या दिवशी पापाची जाणीव, दुसऱ्या दिवशी ख्रिस्ताने केलेली तरतूद, तिसऱ्या दिवशी समर्पण, चौथ्या दिवशी आत्म्याने भरणे, पाचव्या दिवशी सेवा. आजही उज्जीवन सभांची, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभांची, पत्रिका दिवसवार वाचली तर बऱ्याचदा हाच सांगाडा दिसतो, फक्त आरोग्यासाठी प्रार्थनेची एक रात्र वाढलेली असते.

मराठी माणसांपर्यंत हा प्रवाह पोचवणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडात झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला सुमारे आठ वर्षे गेली असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १८९८मध्ये त्या केझिकच्या मेळाव्यालाही गेल्या, आणि १९०५मध्ये केडगावला त्यांच्या मुक्ती संस्थेत उज्जीवन झाले. नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंगाच्या वळणाने कृपा गायली. त्यांची गीते ‘उपासना संगीता’तून आजही दोन्ही पक्षांचे लोक एकत्र म्हणतात, ही त्यातल्या त्यात सुखाची बाब.

पण खरी गाठ आहे प्रेषित पौलाने लिहिलेल्या, बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात. चौदाव्या वचनापासून पौल वर्तमानकाळात बोलू लागतो: जे करायचे ते करत नाही, जे नको तेच करतो. हा ‘मी’ कोण? या एका प्रश्नाच्या उत्तरावर बाकीचे सगळे ठरते.

प्राचीन मंडळीतला धर्मपंडित ऑगस्टिन याने ३९४च्या सुमारास लिहिले की हा मोशेच्या नियमशास्त्राखालचा, अजून कृपेत न आलेला माणूस. पेलागियसशी वाद पेटल्यावर त्याने मत बदलले: हा विश्वासी माणूसच, स्वतः प्रेषितसुद्धा. लूथर आणि कॅल्विन या दुसऱ्या मतामागे गेले, वेस्ली पहिल्यामागे. केझिकने तिसरे उत्तर काढले: माणूस विश्वासीच, पण स्वबळावर झगडणारा, त्याने सातव्यातून उठून, आत्म्याच्या बळाने जगण्याबद्दलच्या आठव्या अध्यायात राहायला जायचे. १९२९मध्ये एका जर्मन अभ्यासकाने हा ‘मी’ पौलाचे आत्मचरित्र नाहीच, ही बोलण्याची एक रीत आहे, असा मुद्दा मांडला; अभ्यासकांत तो बराच चालला, प्रार्थनासभांपर्यंत आला नाही.

प्रत्येक पक्षाच्या हातात वचने आहेत. ‘मी’ विश्वासी नाही म्हणणारे चौदाव्या वचनातल्या पापाला विकले जाण्याकडे बोट दाखवतात: सहाव्या अध्यायात पापापासून मुक्त झालेला माणूस सातव्यात पुन्हा विकला कसा जाईल? शिवाय या उताऱ्यात पवित्र आत्म्याचे नावही नाही, आठव्यात तो पानोपानी आहे. उलट बाजू बाविसावे वचन काढते: देवाच्या नियमाने अंतर्यामी हर्षित होणारा माणूस अविश्वासी कसा? आणि ‘सातव्यातून आठव्यात’ ही पायरी शिकवणारे पंचविसाव्या वचनाला अडखळतात. तिथे पौल सुटकेबद्दल देवाचे आभार मानतो आणि लगेच म्हणतो, मनाने देवाच्या नियमाचा दास, देहस्वभावाने पापाच्या नियमाचा. आभारानंतरही दुभंग उरतोच. हे अर्धे वचन गाळून प्रवचन करता येते, आणि बरेच जण तसेच करतात.

हा वाद वर्गातला राहत नाही. दारू सोडलेला भाऊ चार महिन्यांनी पुन्हा प्यायला आणि गटात येऊन बसला, अशा वेळी काय होते ते पाहावे. ‘मी’ विश्वासी नाही या पहिल्या मताचा पाळक विचारेल, तुझे खरेच तारण झाले आहे का? तो भाऊ पुन्हा पुढे येतो, पुन्हा हात वर करतो, दर उज्जीवन सभेत नव्याने तारला जातो. ऑगस्टिनच्या नंतरच्या मताचा पाळक म्हणेल, झगडा आहे म्हणजे जीव आहे, साधने सोडू नकोस. हे बरोबर, पण यातून ‘पौलाचेही असेच होते’ ही पळवाट तयार होते. केझिकच्या मताचा म्हणेल, तू स्वबळावर लढलास, पूर्ण समर्पण कर. घोटाळा इथे सर्वांत सूक्ष्म होतो: समर्पण हेच नवे कर्म बनते, ‘पूर्ण झाले का?’ याचे माप माणूस रोज घेत बसतो. त्यातून त्याने आधीच्या सभेत विजयाची साक्ष दिलेली असेल तर पुढचे पडणे तो लपवतो. ज्या गटात फक्त विजयाच्या साक्षी होतात, तिथे हे हमखास घडते.

यावरची हरकत जुनीच आहे. पुढे लिव्हरपूलचा बिशप झालेल्या एका अँग्लिकन धर्मगुरूने १८७७मध्येच लिहिले होते की नीतिमान ठरणे केवळ विश्वासाने हे खरे, पण पवित्रतेबाबत शास्त्र झगडायला, धावायला सांगते. आठव्या अध्यायाचे तेरावे वचन दोन्ही गोष्टी एका वाक्यात घालते: शरीराची कर्मे तुम्ही ठार मारायची, आणि ती आत्म्याने मारायची.

मुंबईचा या कथेतला सर्वांत मोठा वाटा कमी लोकांना ठाऊक आहे. १९५७मध्ये इथल्या एका ख्रिस्ती प्रकाशनाने एका चिनी उपदेशकाची रोमकरांस पत्रावरची भाषणे इंग्रजीत छापली. तो तेव्हा चीनमध्ये तुरुंगात होता. ते पुस्तक जगभर गेले. सहाव्या अध्यायातले ‘पापाला मेलेले असे माना’ हे त्याचे मुख्य सूत्र, सातवा अध्याय म्हणजे स्वप्रयत्नाचा शेवट. आज उपनगरांतल्या संगतींत ‘मी मेलो आहे’ ही भाषा सर्रास चालते ती बहुतांशी या वाटेने आलेली आहे.

गेल्या वीसेक वर्षांत आणखी एक पायरी चढली गेली. सर्व पापांची क्षमा झालीच आहे, तेव्हा विश्वासी माणसाने रोज क्षमा मागायची नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातले ‘पापे कबूल केली तर’ हे अविश्वासी लोकांसाठी आहे, असे ही शिकवण सांगते. मोबाइलवरच्या प्रवचनांतून ती घरात येते आणि रविवारी अडचण होते, कारण जुन्या उपासनाक्रमात पापकबुलीची प्रार्थना सगळ्या मंडळीने मिळून म्हणायची असते. काही जण त्या वेळी गप्प उभे राहतात, काही त्यापायी मंडळीच बदलतात.

वर्षानुवर्षे अपराधाखाली दबलेल्यांना या शिकवणीने मोकळा श्वास मिळाला हे मान्य करायला हवे. पण वचनाचा तो अर्थ टिकत नाही. पत्र लिहिणारा त्या वाक्यात ‘आपण’ म्हणतो, स्वतःला धरून. आणि दोनच वचनांनी पुढे वाचकांना ‘माझ्या मुलांनो’ अशी हाक मारून सांगतो की तुम्ही पाप करू नये म्हणून हे लिहितो, आणि कोणी केलेच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे.